पाण्याची पाळी

पहाटे ४.३०

मोगरा ऊन चढायच्या आत काढावा लागतो. कपाळाला बॅटरी बांधून आम्ही नवरा-बायको वाकतो. ती एका ओळीत, मी शेजारच्या ओळीत. वसईच्या उत्तर पट्टीतल्या आमच्या गावात या वेळेला बऱ्याच वाड्यांतून असे एक-दोन दिवे हलताना दिसतात. बोलणं फारसं होत नाही. झालंच तर कालच्या भावाचं, नाहीतर आईच्या औषधाचं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर पहाटे साडेचारला कुणी गोड बोलत असेल तर मला त्याचा संशयच येईल.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबावर एक मोठं पत्र काढलं, ‘आमोरिस लेतितिया’. घर टिकायला तीन गोष्टी लागतात असं त्यांनी त्यात लिहिलंय: विचारून करणं, आभार मानणं आणि माफी मागणं. आमच्या फादरांनी प्रवचनात हे सांगितलं तेव्हा बायकांच्या बाजूला हसू फुटलं होतं. आमच्याकडे नवऱ्याने मध्येच आभार मानले तर बायको आधी विचारते, ‘काय हवंय?’ म्हणून मी आपला सोपा मार्ग धरलाय. पाच वाजता आत जाऊन चहा मी टाकतो, थर्मास भरतो, फुलांचं पोटलं रिक्षात नेऊन ठेवतो. ती नालासोपाऱ्याहून चर्चगेट लोकल धरते आणि दादरला उतरते. आमच्या घरात माझ्या आजीपासून दादरला बायकाच जात आल्यात, कारण भाव करणं आम्हा पुरुषांना जमत नाही.

कॅथलिक माणूस रोजच्या जगण्यात प्रेम कसं करतो, यावर लिहायचं ठरवून बसलो, तर दिवसाच्या वेळापत्रकापलीकडे मला काही सुचेना. येशूने प्रेमाची आज्ञा केली. आता आज्ञेने भावना काही येत नाही, पण आज्ञा झाली की माणूस उठतो, चालायला लागतो, वेळेवर मोटर बंद करतो. संत थॉमस अक्विनास तेराव्या शतकातच सांगून गेलेत की प्रेम करणं म्हणजे दुसऱ्याचं भलं इच्छिणं. तो दुसरा आपल्याला आवडलाच पाहिजे, अशी अट त्यांनी घातलेली नाही. बरंच झालं म्हणायचं.

सकाळी ६.३०

आज प्रायश्चित्तकाळातला शुक्रवार. देवळात अल्तारावर फुलं नाहीत, आणि आमच्यासारख्या फुलंवाल्यांच्या गावात ते ओकंबोकं अल्तार डोळ्यांत भरतं. पुढच्या बाकांवर म्हाताऱ्या बायका, काही लाल लुगड्यातल्या. मागे आम्ही थोडे पुरुष. डावीकडून तिसऱ्या बाकावर माझा धाकटा भाऊ.

त्याचं-माझं बोलणं बंद आहे. वाडीच्या वाटपाचा दावा कोर्टात चालू आहे आणि तो कुठल्या बांधावरून सुरू झाला हे आमच्या वकिलांनाही आता कागद बघूनच सांगावं लागतं. वसईत हे काही नवल नाही. इमारती वाडीच्या कुंपणाला येऊन टेकल्या, गुंठ्याला सोन्याचा भाव आला, आणि ज्या बांधावर दोन भाऊ बसून न्याहारी करायचे तिथे मोजणीदाराचे दगड आले.

मिस्सेत कम्युनियनच्या आधी एकमेकांना शांती द्यायची असते. भारतात अनेक ठिकाणी ती हात जोडून देतात. आधी उजवीकडच्याला, मग डावीकडच्याला, मग मागे वळून. धाकटाही वळतो. आमचे हात जुळतात, मान हलते, आणि दोघंही लगेच अल्ताराकडे बघतो. दाव्याच्या पहिल्या तारखेपासून आमच्यातला समोरासमोरचा एकमेव व्यवहार हा, आणि तोही उपासनेने लावून दिलेला. मला विचाराल तर उपासनेचं हेच मोठं काम आहे. आपल्या मनात यायची वाट बघत बसलो असतो तर एवढंही घडलं नसतं.

मत्तयच्या शुभवर्तमानात येशूने याहून कडक सांगितलंय. अर्पण घेऊन वेदीशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर, असं तिथे म्हटलेलं नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी असेल तर. हे वाक्य मी दर वर्षी ऐकतो आणि दर वर्षी वकिलाचा सल्ला आठवतो.

लग्नाच्या मिस्सेत संत पॉलचं प्रेमाचं वाचन हमखास असतं, करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय. नवरी लाजते, फोटोग्राफर पुढे सरकतो, सगळ्यांना वाटतं की हे नवरा-नवरीसाठीच लिहिलंय. मूळ पत्र इसवी सनाच्या पन्नाशीच्या दशकातलं, आणि ते गेलं एका भांडकुदळ मंडळीकडे. करिंथमधले ख्रिस्ती एकमेकांना कोर्टात खेचत होते, हे सहाव्या अध्यायात आहे. प्रभूच्या भोजनाला जमल्यावर एक भुकेला राही आणि दुसरा पिऊन तर्र होई, हे अकराव्यात. एवढं सगळं सुनावून झाल्यावर मग तेरावा येतो. आमच्या पट्टीत तो लग्नापेक्षा तलाठी कार्यालयात वाचायला हवा.

सकाळी ७.४५

आईला उठवणं, तोंड धुणं, लंगोट बदलणं, कवळी लावणं, पेज भरवणं. तिचं वय ऐंशीच्या पुढे, आणि डोकं आता जुन्या दिवसांत राहतं. धाकटा शाळेतून आला का, असं ती विचारते. मी म्हणतो, येईल. पाच मिनिटांनी पुन्हा विचारते.

इथे मला लिझ्यूच्या संत तेरेझाचा मोठा आधार आहे. १८९७ साली वयाच्या चोविसाव्या वर्षी क्षयाने गेलेली ही कार्मेलाइट सिस्टर. पुढच्या वर्षी तिचं आत्मकथन छापलं गेलं. त्यात मठातल्या बारीकसारीक कटकटी आहेत. कपडे धुताना समोरची सिस्टर घाण पाणी तोंडावर उडवते. प्रार्थनेच्या वेळी मागे कुणीतरी सतत खुडबुड करतं आणि तिला घाम फुटतो. एका सिस्टरचं सगळंच तिला खटकायचं, म्हणून तिच्याशी ती जास्तीत जास्त हसून वागली, इतकी की त्या सिस्टरनेच विचारलं, तुला माझ्यात एवढं काय आवडतं? आणि एक म्हातारी, तिरसट सिस्टर. तिला रोज संध्याकाळी जेवणघरात न्यावं लागे. जोरात नेलं तर पडेन म्हणे, हळू नेलं तर हात सोडलास म्हणे. तेरेझाने तिला नेलं, बाह्या नीट दुमडून दिल्या, आणि एक दिवस लक्षात आलं की म्हातारीला पाव कापायला त्रास होतो, तर तोही कापून दिला. तो पाव कापायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. म्हातारीचा जीव नेमका त्यावर जडला.

आई पेज गिळते की गालात धरून ठेवते ते बघावं लागतं. गालात धरली तर ठसका लागतो. म्हणून चमचा अर्धाच भरायचा, हनुवटी किंचित खाली करायची, घशाची हालचाल दिसली की पुढचा चमचा. घाई केली की वीस मिनिटांचं काम तासावर जातं. हे करताना मनात प्रेम उचंबळत वगैरे नाही. मनात पाण्याची पाळी असते.

सकाळी ८.३०

आमचं बावखल सामाईक आहे. वसईबाहेरच्यांसाठी सांगतो: बावखल म्हणजे वाडीत खणलेलं मोठं तळं. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि उन्हाळ्यात झऱ्याने परत येतं. पूर्वी त्यावर रहाट असायचे, आता मोटरी आहेत. कित्येक बावखलं भराव टाकून बुजवली गेली आणि त्यांच्यावर इमारती उभ्या राहिल्या. टँकरने गोडं पाणी उपसून नेलं जाऊ लागलं तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी लोकांना बरोबर घेऊन हरित वसईचा लढा उभारला. प्रवचनातलं प्रेम विहिरीपर्यंत नेणारा माणूस. ‘सुबोध बायबल’ लिहिणारे आणि उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, आम्ही त्यांना पाण्यासाठी ओळखतो. २०२४ साली ते गेले.

तर आमचं बावखल. वडिलांनी पाळ्या लावून दिल्या होत्या, त्या दाव्यानंतरही टिकल्यात, कारण केळीला कोर्टाची तारीख कळत नाही. आज पहिली पाळी माझी, साडेदहापर्यंत. त्यानंतर त्याची. मार्चमध्ये पाणी खाली गेलेलं असतं. मोटर शेवटपर्यंत ओढली तर फूट-व्हॉल्व्ह उघडा पडतो, मोटर हवा ओढते, आणि पुढच्याला झरे भरेपर्यंत ताटकळत बसावं लागतं. कागदावर साडेदहापर्यंतचं पाणी माझंच. पण सव्वादहाला बंद केली तर पंधरा मिनिटांत पाणी पाइपाच्या वर येतं आणि त्याची धार पहिल्यापासून भरून लागते.

माझी शेवटची ओळ वेलची केळीची. सव्वादहाला त्या ओळीच्या टोकाच्या चार-पाच आळ्यांत अजून पाणी पोचलेलं नसतं. मी बटण दाबतो. ती आळी मग संध्याकाळी कळशीने भरतो.

त्याच्या पहिल्या पाळीच्या दिवशी तो काय करतो? सव्वादहालाच बंद करतो. कुणी आधी सुरू केलं हे मला आठवत नाही, आणि वकिलाला आम्ही दोघांनीही सांगितलेलं नसावं. सांगितलं तर सामंजस्याचा पुरावा म्हणून कागदावर यायचं आणि बिघडायचं.

सकाळी ११.००

ही दादरहून परतते. रिकामी पोटली, नाक्यावरून घेतलेली पावाची लादी, आजचा भाव. आणि अकराच्या सुमारास धाकटा मागच्या दाराने आईला बघायला येतो. मी त्या वेळेला वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला काम काढतो. पानवेल बांधायची असते, नाहीतर कुंपण बघायचं असतं. काहीतरी असतंच. ही त्याला चहा देते. आई त्याला ओळखते का? कधी ओळखते, कधी त्यालाच विचारते, धाकटा शाळेतून आला का? तोही म्हणतो, येईल.

लोक मला म्हणतात, समोर जाऊन बोलून टाक. बोलून टाकलं तर दोघांपैकी एकाच्या तोंडून बांधाचा विषय निघेल, आणि मग मागचं दारही बंद होईल. तूर्त मी समोर नसणं हेच त्याच्या भल्याचं आहे, आणि आईच्याही. अक्विनासच्या व्याख्येत हे बसतं असं मी धरून चालतो.

दुपारी १.००

शुक्रवार म्हणून मांस नाही. मासळी चालते. पण चालते म्हणून सरंगा तळायचा आणि त्याला उपवास म्हणायचं, ही आमच्या समाजातली जुनी पळवाट आहे. आज वालाची भाजी आणि भात. मासळीचे जे पैसे वाचले ते कोपऱ्यातल्या डब्यात. डबा ईस्टरच्या आधी देवळात जातो. जेवण झाल्यावर थोडी झोप.

दुपारी ३.३०

मी आणि मास्तर स्कूटरवरून पूर्वेला जातो. मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक, व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीतले माझे जोडीदार. ही सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झाली. फ्रेडरिक ओझानाम नावाचा विद्यार्थी, त्या वेळी जेमतेम वीस वर्षांचा, आणि त्याचे काही मित्र. तुमचा धर्म आज गरिबांसाठी करतो तरी काय, असं कुणीतरी वादविवादात हिणवलं, तेव्हा त्यांनी भाषण करायचं सोडून सरपण उचललं आणि एका घरी नेऊन दिलं. रोझाली रँदू नावाच्या सिस्टरने त्यांना घरं दाखवली. तेव्हापासून पद्धत तीच: दोघांनी मिळून जायचं, घरात बसायचं, ऐकायचं. बैठकीत झोळी फिरते. तिच्यात कोण किती टाकतो ते कुणी बघत नाही.

नालासोपारा पूर्वेच्या चाळीत आमची काही घरं आहेत. सगळी ख्रिस्ती नाहीत, किंबहुना बहुतेक नाहीत. आज एका उत्तर भारतीय काकांकडे. पक्षाघाताने डावी बाजू गेलेली, मुलगा रिक्षा चालवतो, सून घरी मणी ओवते. आम्ही टेकतो न टेकतो तोच काका सुरू झाले.

‘पिछली बार का चावल टूटा हुआ था.’

मी मास्तरांकडे बघितलं. मास्तर म्हणाले, ‘अच्छा? खिचड़ी बन गया होगा.’

‘खिचड़ी ही खानी होती तो अस्पताल में रहता.’

सून ओशाळली. मास्तरांनी डायरी काढली आणि काकांच्या नावापुढे लिहिलं: कोलम, अख्खा. मग काकांनी मुलाविषयी, घरमालकाविषयी, नळाच्या वेळेविषयी अर्धा तास तक्रारी केल्या आणि आम्ही ऐकल्या. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हांला दयेची चौदा कृत्यं पाठ करायला लावली होती, सात शरीरासाठी आणि सात आत्म्यासाठी. भुकेल्याला अन्न, आजाऱ्याची भेट ही सगळ्यांना ठाऊक असतात. दुसऱ्या सातांत एक आहे, त्रासदायक माणसांना सोशिकपणे सहन करणं. ते चर्चने विचारपूर्वक यादीत घातलंय असं मला दर भेटीत पटतं.

पण खाली उतरताना मास्तर म्हणाले ते खरं होतं. ‘तुटका तांदूळ आपण आपल्या घरी आणतो का? मग त्यांनी बोललं तर काय चुकलं?’

फोटो काढायचा नाही, हा आमचा नियम आहे. हल्ली तरुणांना तो पटत नाही. काम दिसलं तर चार लोक येतील असं त्यांचं म्हणणं. येतीलही. पण तांदळाची पिशवी हातात धरून उभं राहिलेल्या माणसाचा चेहरा मला माहीत आहे. चार लोक आले नाहीत तरी चालेल.

सायंकाळी ५.३०

परतायची घाई असते ती मजुरीसाठी. वाडीत डहाणूकडचं एक वारली जोडपं कामाला आहे. संध्याकाळी हात-पाय धुऊन ओट्यापाशी येतात तेव्हा पैसे तयार हवेत. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात सूर्य मावळायच्या आत मजुरी दे असं स्वच्छ लिहिलंय, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीत अडकलेला असतो. याकोबाच्या पत्रात दाबून ठेवलेली मजुरी ओरडते. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरूम नोवारूम’ लिहिलं तेव्हा कामगाराचा रास्त पगार हा चर्चच्या अधिकृत शिकवणुकीतला विषय झाला.

सोसायटीच्या झोळीत शंभर रुपये टाकायचे आणि घरच्या मजुराला ‘उद्या देतो’ म्हणायचं, असे सज्जन आमच्या धर्मग्रामात आहेत. बागायतदारांना मी उघड सांगतो, आधी मजुरी, मग दान. मजुरी देताना कृपा केल्याचा चेहराही करायचा नाही. तो आपला पैसा नसतोच. बाई नोटा मोजते, दोनदा मोजते, आणि मला ते आवडतं.

मग टोकाची आळी कळशीने भरतो.

सायंकाळी ७.००

देवळात क्रूसाची वाट. चौदा स्थानं, प्रत्येकाशी गुडघे टेकायचे, आणि गुडघे आता कुरकुरतात. गर्दी सकाळपेक्षा जास्त, कारण नोकरदार सहाच्या लोकलने आलेले असतात. पाचव्या स्थानी मी दरवेळी जरा जास्त लक्ष देतो. सिमोन कुरेनेकर. मार्क आणि लूक दोघंही सांगतात की तो शेतावरून येत होता आणि शिपायांनी त्याला पकडून येशूचा क्रूस उचलायला लावला. म्हणजे आमच्यातलाच. अंगाला माती, डोक्यात घरी जायचं, कदाचित उरलेलं पाणी. त्याला येशूबद्दल त्या क्षणी काय वाटत होतं याबद्दल शुभवर्तमानात एक अक्षर नाही. त्याने क्रूस वाहिला, एवढंच आहे. मार्क त्याच्या दोन मुलांची नावं देतो, आलेक्सांद्र आणि रूफ. त्याचं शुभवर्तमान वाचणाऱ्यांना ती मुलं ओळखीची असावीत, म्हणून तर नावं दिली. जबरदस्तीने लागलेलं काम त्या घरात पुढे टिकलं असा अर्थ अभ्यासक काढतात, आणि मला तो मानवतो.

सहाव्या स्थानाशी धाकटा माझ्यापुढे दोन माणसं सोडून होता. त्याचेही गुडघे कुरकुरतात असं दिसतं.

रात्री ९.००

आईच्या खाटेशी रोजरी. तिला नातवंडांची नावं आठवत नाहीत, पण ‘नमो मरिये’ कुठे अडलं तर ती पुढचं बरोबर म्हणते. झाल्यावर आम्ही तिच्या पाया पडतो, ती आशीर्वाद देते, आणि मग विचारते तेच विचारते.

झोपण्यापूर्वी दिवसाची उजळणी. संत इग्नेशियसने घालून दिलेली ही रीत: आधी आभार, मग दिवस तासातासाने परत बघायचा, मग क्षमा, मग उद्या. मला ती फुलांच्या हिशेबासारखी वाटते, फक्त इथे घट कुठे आली ते कुणापासून लपवता येत नाही. आज सकाळी देवळात हात जोडताना मी धाकट्याकडे नीट बघितलं का? नाही बहुतेक. उद्या कोलम आणायचा आहे. आईचे लंगोट संपत आलेत. उद्याची पहिली पाळी त्याची.

जूनमध्ये पाऊस लागला की पाळ्या बंद होतात, बावखल भरतं, कुणालाच कुणासाठी मोटर बंद करावी लागत नाही. दाव्याची पुढची तारीखही जूनचीच आहे.